गुलाबी हळदी-कुंकू

नुसतं कॅन्सरवर व्याख्यान ठेवलं तर आमच्या सिडकोतल्या बायका येत नाहीत. आदल्या वर्षी महिला मंडळाने तसं ठेवून पाहिलं होतं. हॉलमध्ये खुर्च्या जास्त नि माणसं कमी. शेवटी डॉक्टरीणबाई आयोजकांनाच समजावून निघून गेल्या. म्हणून संक्रांतीला अध्यक्षीणबाईंनी डोकं लढवलं. हळदी-कुंकू ठेवायचं, सगळ्यांनी गुलाबी साड्या नेसायच्या, दाराशी तांब्याचा हंडा ठेवायचा आणि प्रत्येकीने कॅन्सरच्या संशोधनासाठी त्यात जमेल तेवढं टाकायचं. वाण घेण्याआधी डॉक्टरीणबाईंना तोंड उघडून दाखवायचं. कल्पना झकास होती. फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. हा रोग ज्यांच्या घरात येऊन माणूस घेऊन गेला, त्या बायकांना हळदी-कुंकवाला बोलावतच नाहीत.

त्यातली एक मी. आमचे हे जबड्याच्या कॅन्सरने गेले. तळहातावर तंबाखू मळायची त्यांची सवय मी बावीस वर्षं पाहिली आणि नंतर नळीतून भाताची पेज भरवायलाही मीच होते. या रोगाची मला जेवढी माहिती आहे, तेवढी मंडळात कुणाला नाही. अध्यक्षीणबाईंनाही ते ठाऊक होतं. त्या घरी आल्या, चहा प्यायल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुम्ही दोन शब्द बोलाच. फक्त असं करू या, हळदी-कुंकू सुरू व्हायच्या आधी बोला."

"आणि मग काय करू? घरी जाऊ?" मी विचारलं.

"अहो, तसं नाही हो," त्या म्हणाल्या. तसंच होतं. पण मी हो म्हटलं, कारण मला भाषणाची हौस नव्हती, मला माझ्या धाकट्या जावेला त्या टॉर्चसमोर बसवायचं होतं.

जाऊ माझी खालच्याच मजल्यावर राहते. इगतपुरीकडच्या खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी मिश्री लावते. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांवर घासत गॅलरीत बसायची, तास तासभर. दिवाळीपासून मी बघत होते, तिने ठेचा सोडला होता. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. हसताना तोंडावर पदर घ्यायची. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "दाढ दुखती, ताई." दाढ कसली! आमच्या ह्यांचीही सुरुवातीला दाढच दुखत होती.

मी तिला खूप बोलले. अगदी लाज काढली. तेव्हा कुठे ती रडत कबूल झाली. "जिभेखाली पांढरं झालंय. पण मी दवाखान्यात नाय जायची, तिथं लय भ्या वाटतं. हळदी-कुंकवाला बाया असत्यात, तिथं दाखवते. तुमी माझ्या जवळ उभ्या ऱ्हा, माझा हात धरा. एकटी नाय बा मी तोंड उघडायची." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नि म्हटलं, उभी राहीन, वेडे, कुठे जाते मी?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तीच वर आली. बसलीसुद्धा नाही. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, देवळाली कॅम्पातली मुलगी, माणसं चांगली. विहीणबाईंनाही मंडळाचं आमंत्रण गेलं होतं आणि त्या येणार होत्या. जाऊ दाराच्या कडीशी बोट खेळवत म्हणाली, "ताई, राग मानू नका. या टायमाला तुमी आत नका येऊ. त्या लय पाळत्यात. लग्नाचं घर हाय. उगी काही मनात आणतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अगं, तुझं तोंड दाखवायचंय ना? मग तुझा हात कोण धरणार, विहीण?"

"मी दाखवते. खरंच दाखवते. तुमची आन."

पोराच्या लग्नाचा विषय. तिच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बरं.

तरी मी गेले. आत नाही, बाहेरच्या ओट्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले. माझ्या दोन शब्दांचं काय झालं म्हणाल, तर पाहुण्या उशिरा आल्या म्हणून हळदी-कुंकू आधी सुरू झालं आणि माझं भाषण राहूनच गेलं. दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. पन्नास-साठ गुलाबी साड्या, छातीला गुलाबी फिती, अत्तर, तिळगूळ, फोटो. वाण म्हणून स्टीलची छोटी झाकणाची डबी देत होत्या, तिच्यावरही गुलाबी फीत चिकटवलेली. मला बघताक्षणी कळलं की आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बायका त्या डबीत काय भरणार. मिश्रीला इतकी बेताची डबी बाजारात शोधून मिळाली नसती! कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

जाऊ रांगेत उभी होती. तिच्या मागे विहीणबाई, नाकात मोठी नथ, कौतुकाने सगळीकडे बघत. जावेचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावला, म्हणाल्या, "आ करा." जावेने मान वळवून दाराकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. मी उठले. खरंच उठले. दाराशी गुलाबपाणी शिंपडणारी बाई लगेच आडवी आली आणि गोड हसून म्हणाली, "तुम्ही बसा ना हो, तुमचा चहा इकडेच आणते." तेवढ्यात आत जावेने पदर तोंडावर घेतला होता. मला ऐकू आलं, "मला काय नाय डॉक्टरबाई, दाढ हाय नुसती. ह्यांचं बघा." आणि तिने विहीणबाईंना पुढे केलं. विहीणबाईंचं तोंड अगदी स्वच्छ निघालं. टाळ्या वाजल्या.

निधी भरपूर जमला म्हणून माइकवर सांगितलं, पुन्हा टाळ्या वाजल्या. संध्याकाळी जाऊ गॅलरीत बसली होती, नवी डबी मांडीवर घेऊन, बोट काळं. मी वरून पाहिलं आणि इतकी ओरडले की शेजारची माणसं बाहेर आली. ती उठून आत गेली आणि दोघी महिनाभर बोललो नाही. मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं. दोघं म्हणाले, दाखवू, लग्नाची गडबड जरा ओसरू द्या.

पाडव्याच्या सुमारास तिच्या गळ्याला गाठ आली. मग मी कुणाला काही विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि तिला उचलून नेलं म्हणा ना. तुकडा काढून तपासला. जीभ काढावी लागली, जबड्याचा एक भाग काढावा लागला. मी डॉक्टरांना विचारलं, संक्रांतीला आणलं असतं तर? ते म्हणाले, "आता ते बोलून काय उपयोग?" वैशाखात दुसऱ्या बाजूला पुन्हा गाठ लागली. तेव्हा डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, लग्न लवकर उरकून घ्या.

लग्न उरकलं. वरात दारात आली. जावेला खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं होतं, तोंडावर रुमाल, अंगावर नवी साडी, आत फक्त हाडं. सुनेला ओवाळून घरात घ्यायचं सासूनं. तिला तबक पेलेना. मुलाची मामी लगबगीने पुढे झाली, "द्या, मी ओवाळते." जावेने तबक सोडलं नाही. मान हलवली. मग तिने गर्दीत बघायला सुरुवात केली. मी मागे, जिन्याशी उभी होते, माझ्या नेहमीच्या जागी. तिला मी सापडले. तिने घशातून आवाज काढला, शब्द नव्हता, पण मला कळला.

मी पुढे गेले. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अगं, त्यांच्या हातात कशाला?" विहीणबाईंनी तोंड फिरवलं. जावेने माझा हात ओढला, तबक त्यात ठेवलं आणि वरून स्वतःचा हात घट्ट दाबून धरला. नुसता गार हात. आम्ही दोघींनी मिळून सुनेला ओवाळलं. सून खाली वाकली, आधी तिच्या पाया पडली, मग माझ्या. सगळे रडत होते. मला रडू नाही आलं. मला तिचा भयंकर राग आला होता. हाच हात संक्रांतीला धरला असतास तर गं, बये.