बिनकळसाचं देऊळ

"अकलेनं देश चालते का वं? धर्मानं चालते. अक्कल फ्रान्सवाल्यांपाशीबी होती. राजाचं मुंडकं कापलं, मंग एकमेकाईचं कापत बसले."

अमेरिकेतल्या प्लेनोच्या देवळातल्या स्वयंपाकघरात रवींद्रकाका महाप्रसादाचे आलू सोलता सोलता पोरीला ऐकवत होते. पोरगी अंतरा, वकील.

"बाबा, गव्हर्नमेंटला धर्म नाही म्हणून तुमचं टेम्पल इथं उभं आहे. तुम्ही ज्याचा प्रचार करता, त्या पास्टरच्या देवाचा लॉ आला, तर पहिले तुम्हीच बाहेर."

"तुले शिकवलं, थेच चुकलं माह्यं," काका चार बायांदेखत बोलले. अंतरा चाकू ठेवून निघून गेली. पुन्हा देवळात आली नाही.

काका मूर्तिजापूरकडचे. उभा जन्म कॉम्प्युटरवर गेला. प्रोग्रॅममध्ये एक टिंब चुकलेलं खपायचं नाही त्यांना. पण रिटायर झाले न् नगर परिषदेला उभ्या असलेल्या, चर्चच्या पास्टरचं भाषण ऐकून पागल झाले. कायदा माणसाच्या डोक्यातून नाही, देवाकडून येतो, असं तो सांगे. "देव मानते, म्हंजे आपलाच," काका म्हणत. मराठी घरं त्यांनीच त्याला दाखवली, अंगणात त्याच्या प्रचाराच्या पाट्या रोवल्या. देवळात आणून प्रसादाचा लाडू दिला, तर त्यानं तो नॅपकिनात गुंडाळून खिशात टाकला.

"शुगर असंन," काका म्हणाले.

पास्टर निवडून आला. मग देवळाच्या शिखराची परवानगी परिषदेपुढं गेली. काका फेटा बांधून पुढच्या रांगेत बसले. कागदावर उंचीचं कारण दाखवलं, न् पास्टरच्याच मतानं शिखर नामंजूर झालं.

बाहेर त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "रवी, कायदा देवाचा, हे तूच दारोदार सांगितलंस. माझ्या देवाची पहिली आज्ञा आहे, दुसरा देव नको. तुझ्यासाठी मी रोज प्रार्थना करतो."

ट्रस्टी म्हणाले, आता अंतराच वाचवील. काकांनी स्वयंपाकघरातून फोन लावला.

"केस जिंकू आपण," ती म्हणाली. "फक्त कोर्टात तुम्ही उभं राहून सांगायचं, सरकारला धर्म नसतो. तुमच्या तोंडानं. जमेल?"

काकांनी हातातला आलू खाली ठेवला.

"नाई जमत मले."

"मग देवालाच सांगा, बाबा. माझ्याकडे दुसऱ्या केसेस आहेत." फोन ठेवला तिनं.

शिखरावर चढवायला गावाकडून आणलेला तांब्याचा कळस कोपऱ्यात पडून होता. कोणीतरी त्याच्यावर पोछा वाळत घातला होता. काकांनी पोछा ओढला, ओटा पुसला, पुन्हा तिथंच टाकला न् पुढचा आलू सोलायला घेतला.