हळदीकुंकवापुरता अनुभव

बी.एस्सी.चा निकाल लागला आणि बाबा म्हणाले, "महिनाभर नोकरी बघ. नाहीतर बी.एड.ला नाव घालू." भरल्या वर्गासमोर उभं राहून बोलायचं, या विचारानंच माझ्या घशाला कोरड पडायची. मला प्रयोगशाळा हवी होती. परीक्षानळ्या उलट प्रश्न विचारत नाहीत.

निफाडजवळच्या एका माती-पाणी तपासणी लॅबची जाहिरात आली. बायोडेटा करायला मैत्रिणीला घेऊन गंगापूर रोडवरच्या सायबर कॅफेत गेले. तिथला दादा कुणा दुसऱ्या मुलीचा बायोडेटा उघडून त्यात माझी माहिती भरत होता. 'हाताळलेली उपकरणं' इथे तो थांबला.

"ताई, इथं स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. राहू देऊ?"

ते यंत्र आमच्या कॉलेजात होतं, पण कुलपातल्या खोलीत, शिवून घेतलेल्या निळ्या कव्हराखाली. प्रात्यक्षिकाला सर स्वतः चालवायचे, आम्ही हात मागे बांधून बघायचो. बिघडलं तर पुण्याहून माणूस बोलवावा लागतो, हे आम्हाला त्याच्या तत्त्वापेक्षा जास्त पाठ होतं. हात लावायची मुभा फक्त खंडेनवमीला, पूजेपुरती.

"हात लावलायस ना?" मैत्रीण म्हणाली.

"हळदीकुंकू लावलं होतं."

"मग हाताळलंच की! राहू दे हो दादा."

दोघांशी वाद घालण्यापेक्षा प्रिंटचे पैसे देणं मला सोपं वाटलं.

मुलाखतीला लॅबच्या मॅडमनी बायोडेटावर एक नजर टाकली आणि थेट यंत्रासमोर नेलं. "चालवून दाखव."

मी कव्हर काढलं. चौपदरी घडी घातली. फडक्यानं यंत्र पुसलं. मग सवयीनं हात मागे बांधून उभी राहिले.

"पुढे?"

"पुढे सर चालवायचे."

"मग तू काय हाताळलंस, बाई?"

"हळदीकुंकू वाहिलं होतं, मॅडम. पण मागच्या जाळीपासून लांब. आत पावडर गेली तर..."

"...पुण्याहून माणूस बोलवावा लागतो," मॅडमनीच वाक्य पुरं केलं आणि खुर्चीत बसून हसत सुटल्या. "सकाळपासून तीन जण येऊन गेले. तिघांनाही सगळं येतं. एकानं तर रीडिंग चालू असताना झाकण उघडलं. तू निदान हात मागे ठेवलेस. सोमवारपासून ये, शिकवते."

बी.एड. टळलं. दसरा येईपर्यंत ते यंत्र मी एकटीनं चालवू लागले होते. खंडेनवमीला सगळा स्टाफ त्याच्याभोवती गोळा झाला, दोन-चार बागायतदारही चपला काढून आत आले. मॅडमनी ताम्हन माझ्या हातात दिलं.

"आरती तूच सुरू कर. तुझा अनुभव आहे."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. घशाला कोरड पडली. शाळेतली पोरं निदान लहान तरी असतात, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.