नाल्यात सोडलेला पाटा

परवा सकाळी दारात पाट्याला टाकी लावणारी बाई आली. या बाया आता वर्ष वर्ष फिरकत नाहीत. घरोघरी मिक्सर आले, पाटे भिंतीला टेकून उभे राहिले. मी माझा पाटा अंगणात आडवा करून दिला. तिने पदर खोचला, मांडी घातली आणि छिन्नीवर हातोडी चालवायला सुरुवात केली. दगडाचा बारीक भुगा उडू लागला आणि त्याच्यामागून तो वास आला. लोखंड दगडावर आपटलं की एक जळका वास सुटतो, नुकत्याच विझलेल्या काडीसारखा. क्षणभर राहतो आणि जातो. ज्यांनी दगड फोडताना जवळ बसून पाहिलं नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. मी मात्र एकदा बावीस दिवस तो वास घेत हिंडले आहे. तेव्हापासून तो नाकात गेला की मला आधी ती आठवते, जिला सारं गाव गोटेवाली म्हणायचं.

आमचं गाव संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वीसेक वर्षांपूर्वी ती पुण्याहून दगडांच्या अभ्यासाला आली तेव्हा तिशीची असेल. पाठीवर पिशवी, हातात हातोडा, पायात पुरुषी बूट. शाळेच्या गुरुजींनी तिची उतरायची सोय आमच्या ओसरीवरच्या खोलीत केली. सासू तेव्हा होती. तिने आल्या आल्या विचारलं, "काऊन वो बाई, तुमच्या पुन्यात गोटे सरले काय?" ती हसली आणि म्हणाली, "आजी, आमच्याकडचे पाहून झाले, आता तुमचे पाहायचेत." सासूला उत्तर आवडलं. तिने मला चहा टाकायला सांगितलं, आणि एवढ्यावरून घरात तिचा शिरकाव झाला.

तिला डोंगरातल्या वाटा दाखवायला कोणी हवं होतं. पुरुष पेरणीच्या आधीच्या कामांत होते. मी म्हटलं, मी येते. तोवर मी डोंगरात गेले होते ती सरपणाला आणि टेंभुर्णीची टेंभरं वेचायला. दगडाकडे कोण पाहतो? पाय ठेवायचा, पुढे जायचं. ती मात्र प्रत्येक दगडाशी बसायची, फोडायची, ताजा तुकडा भिंगाखाली धरायची आणि मग भिंग माझ्या हातात द्यायची. "काकू, तुम्हाला काय दिसतं?" आयुष्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझी शाळा चौथीत सुटली. त्यापुढे मला विचारलं गेलं ते भाकरी झाल्या का आणि पाणी भरलं का.

तिने सांगितलेलं मला अजून पाठ आहे. हा सातपुडा काळ्या दगडाचा, थरावर थर, भाकरींच्या चवडीसारखा. जमिनीच्या पोटातून तापलेला रस भेगांतून वर आला, पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. या साऱ्याच्या खाली जुनी जमीन आहे, ग्रॅनाइटची. पांढऱ्या-गुलाबी दाण्याचा दगड तो. आमच्या भागात त्याला कोणी पाहिलेलं नाही, तो खाली गाडला गेला आहे. तिने त्याचा फोटो दाखवला. मी विचारलं, याचा दाणा एवढा मोठा कसा आणि आपल्या काळ्याचा दिसतही नाही तो कसा? ती म्हणाली, काळा उघड्यावर येऊन घाईत थंड झाला, ग्रॅनाइट आत कोंडून लाखो वर्षं सावकाश थंड झाला. मी म्हटलं, "तुपावानीच हाय मंग. सावकाश थिजलं का रवाय होते." तिने वही काढली आणि ते लिहून घेतलं. मी पाहत राहिले. माझं बोलणं वहीत जात होतं.

तिचं काम चवीचं होतं, असं मी माझ्यापुरतं समजले. तो तापलेला रस वर येताना वाटेतला जुना दगड खातो, विरघळवतो, आणि खाल्लेल्याची चव त्यात उरते. आपण जिभेवर वरणाचा थेंब ठेवून ओळखतो ना, हिंग राहिला की मीठ जास्त झालं, तसं ती यंत्रात दगडाची पूड घालून ओळखायची. खाली काय होतं, रस किती खोलातून आला, हा डोंगर खालून ढकलला म्हणून उभा राहिला की दोन्ही बाजूंनी दाबला म्हणून. हे सारं चवीवरून. पण तिला पुरावा हवा होता. रसाबरोबर कधी एखादा जुना तुकडा न विरघळता तसाच वर येतो. असा ग्रॅनाइटचा तुकडा आमच्या नाल्याखोऱ्यांत मिळतो का, हे पाहायला ती आली होती. आठ दिवस इथे काढायचे आणि तापीच्या पलीकडे धुळ्याच्या बाजूला जायचं, असा तिचा बेत होता. तिकडे असे तुकडे सापडतात असं तिने ऐकलं होतं. पाऊस लागायच्या आत दोन्हीकडचं उरकायचं होतं.

सातव्या दिवशी नाल्याच्या वळणावर तिला तो सापडला. वीतभर, पांढरा, गुलाबी दाण्याचा, मधूनमधून चमकणारा. ती गुडघ्यांवर बसली. हातोडा खाली ठेवला, दगड दोन्ही हातांत घेतला आणि मला हाक मारली. 

मी तो पाहता क्षणी ओळखला.

तो माझ्या सासूचा पाटा होता. सासूचा भाऊ भंडाऱ्याकडे रेल्वेत कामाला होता, त्याने बहिणीसाठी तिकडून आणलेला. सगळ्या गावात पाटे काळे, आमचाच एक पांढरा. माझ्या मुलांच्या पाचवीला सटवाई त्याच्यावरच पुजली होती. घराचं छप्पर बदलताना सामान हलवलं तेव्हा तो माझ्या हातून निसटला आणि दुभंगला. फुटका पाटा आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. उकिरड्यावर टाकत नाहीत, पायरीला लावत नाहीत. ज्याच्यावर सटवाई पुजली त्याला पाय लागू द्यायचा नसतो. वाहत्या पाण्यात सोडायचा. मीच दोन्ही तुकडे टोपलीत घालून नाल्याला सोडून आले होते. त्यानंतर दहाबारा पावसाळे गेले. पुराने कडा झिजवल्या, टाकीचे वण पुसले. एक बाजू तेवढी सपाट राहिली होती. ती सपाट बाजू तिने मलाच दाखवली. "बघा काकू, किती सरळ फुटलाय." शिकल्या-सवरल्या माणसालाही जे पाहिजे असतं तेच दिसतं, हे मी त्या दिवशी शिकले.

मी बोलले नाही. हे वाचून कोणी म्हणेल, बिचारीला तिचा आनंद मोडवला नाही. तसं नव्हतं. मी बोलले असते तर ती दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून धुळ्याकडे गेली असती, आणि मी चुलीकडे. मला आणखी काही दिवस भिंग हवं होतं. कोणीतरी 'तुम्हाला काय दिसतं' म्हणून विचारायला हवं होतं. एवढीच गोष्ट आहे. ती गोष्ट मी सुंदर करून सांगणार नाही.

ती म्हणाली, हा नाल्यात सुटा मिळाला म्हणजे वर कुठेतरी काळ्या दगडात याचे भाऊबंद अडकलेले असणार. ते दगडात बसलेले दिसले पाहिजेत, तरच खरं. मग ती नाल्याच्या उगमाकडे चढत गेली, आणि मी तिच्या पुढे. आठाचे बावीस दिवस झाले. उन्हाने तिच्या नाकाचं कातडं सोललं, एकदा घोटा मुरगळला, सासूने हळद-चुना लावून दिला. त्या वेळी कोपऱ्यातल्या त्या दगडाकडे पाहत सासू पाय चोळता चोळता म्हणाली, "असा धवया गोटा आमच्या घरी होता वो, पाटा होता." माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. गोटेवाली घोट्याकडे पाहत होती. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून धरलं नाही. मी सासूला म्हटलं, "मामीजी, तिले झोपू द्या आता." आणि दिवा बारीक केला.

काळ्या दगडात काहीच सापडलं नाही. आभाळ भरून आलं तशी ती निघाली. धुळ्याची बाजू राहिली ती राहिलीच. तिथलं काम पुढे दुसऱ्या कोणी केलं, तिनेच फोनवर सांगितलं. तिचा फोन दर दिवाळीला यायचा. सासू गेली तेव्हाही आला. पाट्याचा तुकडा तिच्या टेबलावर होता. यंत्रात घातला तेव्हा त्याचं वय आणि चव इकडच्या कशाशीच जुळेना. जुळायची ती दूर पूर्वेकडच्या दगडांशी. "काकू, तुमचा दगड मला झोपू देत नाही," असं ती हसून म्हणायची. तुमचा दगड. मी पीकपाण्याचं बोलणं काढायची. दर वर्षी वाटायचं, आता सांगावं. आणि दर वर्षी सांगणं एका वर्षाने जड व्हायचं.

मागच्या पावसाळ्याआधी तिचा फोन आला. ती आजवरचं काम एका पुस्तकात घालत होती, आणि त्यात या दगडाचं एक पान होतं. "थंडीत येते काकू, एकदा शेवटचं वर चढून पाहते. गुडघे कुरकुरतात, पण तो प्रश्न सोडून पुस्तक बंद करवत नाही."

मी म्हटलं, "येऊ नका. थो गोटा इथला नोय."

"म्हणजे?"

"पाटा होय माह्या सासूचा. भंडाऱ्याहून आनला होता. फुटला म्हनून मीच नाल्यात सोडला. मी त्याच दिवशी ओयखला होता."

 मग ती म्हणाली, "काकू, मी पुढे पंधरा दिवस त्या नाल्यात होते."

"हाव. मी मोजले होते."

"काऊन नाही सांगितलं?" असं ती म्हणाली. आमची बोली तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

"सांगतलं असतं त तुमी गेल्या असत्या."

तिने फोन ठेवला. आपटला नाही, हळू ठेवला. त्या दिवाळीला फोन आला नाही. महिनाभराने पोस्टमन एक जड खोका देऊन गेला. आत पाट्याचा तुकडा होता. एक बाजू यंत्राने कापून काचेसारखी गुळगुळीत केलेली, एका अंगाला रंगाने घातलेला नंबर, आणि त्या नंबरावर सरळ मारलेली रेघ. चिठ्ठी नव्हती. मी खोक्याचा तळ दोनदा पाहिला.

परवा टाकी लावून झाल्यावर त्या बाईने हात झटकले आणि तिची नजर चुलीजवळ गेली. "माय, फुटका पाटा घरात काऊन ठेवला वो? नाल्यात सोडून दे ना."

"राहू दे," मी म्हटलं.

घरात ठेवायचा नसतो हे मला तिच्याहून आधीपासून ठाऊक आहे. पण नाल्यात सोडला तर पुन्हा कोणाला सापडेल, आणि त्या वेळी सांगायला मी असेन असं नाही. तो चुलीशेजारी आहे. सकाळचं ऊन आलं की कापलेल्या बाजूवरचे दाणे चमकतात आणि भिंगाशिवायही दिसतात. तूप सावकाश थिजलं की रवाळ होतं, हे मी तिला सांगितलं होतं. पण तुपासाठी साठवलेलं लोणी फार दिवस तसंच ठेवलं तर खवट होतं, हेही मला तेव्हा ठाऊक होतं. ते मी तिला वहीत लिहून घ्यायला सांगितलं नाही.