शपथ देणारा साहेब

माझी वहिनी सुगंधा रडली नाही, ही गोष्ट आमच्या भटवाडीत अजून बोलली जाते. माझा भाऊ जयवंत कावीळ होऊन बारा दिवसांत गेला. शहाऐंशी सालचा मे महिना. मी ऊर बडवून सगळी चाळ गोळा केली आणि ही भिंतीला टेकून बसलेली. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "प्रेमा, दूधवाला येऊन गेला काय?" मला तिचा इतका राग आला की मी उत्तरच दिलं नाही.

तशी ती पहिल्यापासूनच अशी. विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं. एकदा रेशनचा इन्स्पेक्टर आला. सगळ्या घाटकोपरात कार्डावर एखादं जास्तीचं माणूस असतंच, तसं आमच्याही कार्डावर आमच्या वारलेल्या बाबांचं नाव होतं. त्याने विचारलं, लवू परब कुठे आहेत? मी म्हणणार होते, गावी गेलेत. ही चुलीपुढून म्हणाली, "वारले. तीन वर्षं झाली." गेली साखर! जयवंत तेव्हा पोट धरून हसला होता. मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

मी नवऱ्याला सोडून भावाकडे राहायला आलेली बाई. मरोळला एका कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवते. घरात खोटं बोलायचं काम माझ्याकडे असायचं, आणि मला ते जमायचं. जयवंत गेला तेव्हा आई मालवणजवळ गावी होती. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीचं दुखणं. हे ऐकलं तर ती तिथेच जाईल, असं मला वाटलं. मी पत्र टाकलं की जयवंतला मस्कतला नोकरी लागली, घाईत निघाला, भेटायला जमलं नाही. आईला पत्रं वाचून दाखवणाऱ्या काशीरामकाकांना वेगळं पत्र लिहून खरं कळवलं आणि हात जोडले. त्यांनी सगळ्या वाडीला गप्प केलं. अकरा महिने एक माणूस बोललं नाही. सुगंधा म्हणाली होती, "हे बरं नाही केलंस." मग तीही गप्प बसली. तिला कोणी विचारलं नव्हतं ना!

जयवंत कांजूरमार्गला एका सरकारी गोदामात शिपाई होता. नवरा गेला तर त्याच्या जागी बायकोला घेतात. मूलबाळ नव्हतं, माझ्या पगारात खोलीचं भाडं आणि दोन पोटं भागत नव्हती, तेव्हा ही नोकरी मिळाली नाही तर दोघींनी गावचा रस्ता धरायचा, हे ठरलेलंच होतं. अर्ज वर्षाच्या आत हवा. शेवटची तारीख दहा मे. अर्जासोबत वारसाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे.

नाक्यावरच्या खंडू टायपिस्टकडे ठरलेला मजकूर तयारच असायचा. त्यात एक ओळ होती, 'माझ्याशिवाय मयतास अन्य वारस नाही.' सुगंधा म्हणाली, "सासूबाई आहेत."

खंडू म्हणाला, "ताई, सगळे असंच लिहितात. आई आहे म्हटलं की तिचीपण शपथ लागते. कुठे म्हातारीला गावावरून आणताय? उगाच वाट लागेल."

मी म्हटलं, "टाइप कर तू."

पहिली सही शाळेच्या मुख्याध्यापकांची घेतली. गोल शिक्का, हिरवी शाई, झकास कागद दिसत होता. गोदामाच्या हेडक्लार्कने परत केला. मग दवाखान्यातल्या सरकारी डॉक्टरची घेतली. परत. मग मी म्हटलं पोलिसापेक्षा मोठं कोण, आणि फौजदाराची सही आणली. तिन्ही ठिकाणी सुगंधाने 'माझे पती मयत झाले' या वाक्याखाली सही केली, आणि तिन्ही ठिकाणी कागद कोणी वाचला नाही. ती सही करून पेन परत द्यायची आणि पदर सारखा करायची, बस्स.

तिसऱ्यांदा हेडक्लार्क वैतागला. "बाई, ज्याच्या हातात शिक्का तो शपथ देणारा, असं नसतं. मास्तर, डॉक्टर नक्कल खरी आहे म्हणून सही करतील. फौजदार तुम्हाला आत टाकील, पण शपथ नाही देऊ शकत. त्याला दंडाधिकारी लागतो. मुलुंडला कचेरीत जा, नायब तहसीलदार बसतात."

हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्याची जीभ झिजली असती काय?

मुलुंडचे साहेब म्हातारे होते. चष्म्याला दोरी. त्यांनी कागद ओळीवर बोट ठेवून मनातल्या मनात वाचला, सुगंधाला उभं केलं, उजवा हात वर करायला लावला, ईश्वरसाक्ष म्हणायला लावलं. मग त्या ओळीवर बोट थांबलं. "सासू-सासरे?"

बाजूचा शिपाई हळूच म्हणाला, "नाही म्हणा, बाई. सुटाल."

"सासरे नाहीत. सासू आहे," सुगंधा म्हणाली. "गावी असते. जानकी नाव."

साहेबांनी ती ओळ लाल शाईने खोडली. म्हणाले, त्यांचीही शपथ लागेल, माझ्यासमोर. सत्तावीस एप्रिल होती त्या दिवशी.

बाहेर उसाच्या गुऱ्हाळापाशी मी तिला फाडून खाल्लं. "तीनदा गुमान सही केलीस ना गं? चौथ्यांदा काय झालं?"

"तीनदा कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. तांदळाचा भाव सांगावा तशा आवाजात.

मी गावी गेले आणि डोळे दाखवायला म्हणून आईला घेऊन आले. ती यायच्या आधी भिंतीवरचा जयवंतचा फोटो ट्रंकेत घातला. सुगंधाला मंगळसूत्र घालायला दिलं, आणि कुंकवाची डबी उघडली. आईला धूसर दिसतं, पण लाल ठिपका दिसतो.

"प्रेमा, आधी सांगूया आईंना," सुगंधा म्हणाली.

"सही होऊ दे. मग मी सांगते."

तिने कपाळ पुढे केलं. मी माझ्या बोटाने कुंकू लावलं. पाप केलं मी. तेव्हाही मला ते कळत होतं.

दोन दिवस आई खोलीभर चाचपडत फिरली. "मस्कताक आंबे गावतत काय गे?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "मिळतात गं, पण आपल्यासारखे नाही." सुगंधा पाणी भरायला निघून गेली.

पाच मेला आम्ही तिघी मुलुंडला गेलो. आईला सांगितलं होतं, खोलीच्या कागदावर अंगठा द्यायचाय. साहेब मनातच वाचतात, हे मी पाहिलेलं. आई हात वर करेल, देवाचं नाव घेईल, अंगठा देईल, असा माझा हिशेब होता. ज्याला वाचता येत नाही त्याला कागद मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. साहेब नियमाने चालणारे. शिपायाने आईचा हात वर धरला आणि साहेबांनी वाचायला सुरुवात केली.

"मी, जानकी लवू परब, राहणार... माझा मुलगा जयवंत लवू परब, वय वर्षे चाळीस, हा दिनांक अकरा मे एकोणीसशे शहाऐंशी रोजी मयत झाला..."

"कोण?" आई म्हणाली.

साहेब थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग सुगंधाच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आईचा हात तसाच वर होता. मी तिच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून उभी होते.

आई माझ्याकडे वळलीच नाही.

"सुगंधा," ती म्हणाली, "ह्यां खरां?"

"होय आई. खरं आहे."

आईने हात खाली घेतला. चाचपत सुगंधाचा चेहरा शोधला आणि पदराने कुंकू पुसलं. नीट पुसलं, लहान पोराचं तोंड पुसतात तसं. मग साहेबांना म्हणाली, "वाचा फुडे." त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. तिने अंगठा दिला.

रडली नाही कोणी. मी, टाहो फोडणारी, मलाही रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

सुगंधाला नोकरी लागली. सकाळी डबा घेऊन कांजूरमार्गला जाते, कार्ड पंच करते, संध्याकाळी येते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. आता ती आमच्याकडेच असते. माझ्यावर रागावलेली नाही. जेवायला वाढते, ताप आला तर कपाळावर हात ठेवते, गावच्या गोष्टी सांगते. फक्त मला काही विचारत नाही. मी दारात उभी असले तरी, दूधवाला येऊन गेला काय, एवढंदेखील ती आतल्या सुगंधाला विचारते.