अंगठ्याखालची रेघ

विमानतळाकडं सिटी बस न्यायची म्हणून चिकलठाण्यामागं आमची रस्त्याची मोजणी चालू होती, तेव्हा एक म्हातारी रोज दिसायची. ती आपल्या घराची भिंत शेणानं सारवायची, पण आम्ही लाल रंगात टाकलेल्या आकड्याभोवती हातभर जागा कोरडी सोडायची. सरकारी आकडा पुसला तर घर जाईल, अशी तिला धास्ती. डोक्यावरून विमान गेलं की शेळीचं दावं मुठीत आवळायची.

एका सकाळी तिनं विचारलं, "लेकरा, ह्यो आकडा कशाचा रं?"

"आजी, तुमच्या दारात बस येणार. घाबरता कशाला?"

"पहिले बसच येती. मग रस्ता पुरंना म्हणत्यात. माझ्या बहिणीचं घर असंच गेलं. तू शिकलेला हाईस, नकाशात माझं घर दाखव."

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. ऐटीत कचेरीतून आलेला नकाशा उघडला. रस्ता रुंदीकरणाची रेघ तिच्या घराच्या मधोमध गेली होती. मी पटकन त्या रेघेवर अंगठा ठेवला. "हे बघा, घर इथंच आहे."

ती नकाशाकडं बघतच नव्हती. माझ्या हाताकडं बघत हळूच म्हणाली, "अंगठा काढ की, लेका."

मला तो उचलवेना.