सेवलैचं उजवं शिंग

सत्त्याऐंशी सालच्या कार्तिगै दीपाच्या, आमच्याकडच्या दिव्यांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारासुरमच्या वीरैय्यन गाडीवानाला फसवलं. त्याला, आणि त्याच्या सेवलैला—त्या तांबूस बैलाला. आम्ही तंजावरकडचे मराठी; हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरी मराठीत नाही, बाहेर तमिळमध्ये नाही.

आमची मोहीम तुम्हाला ठाऊक नसेल. कुंभकोणमच्या बाजूला मट्टू पोंगलला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या बैलपूजेला, बैलांची शिंगं तासतात, वर चकचकीत तैलरंग चढवतात. आम्ही काही पोरंपोरी पत्रकं वाटत फिरायचो—रंगाने शिंगाला कॅन्सर होतो, ही पूजा नव्हे, हत्या आहे! मजकूर माझा. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं मला: कारण एकच नसतं, ऊन असतं, दोरीचं घासणं असतं, नक्की कुणालाच सांगता येत नाही. ते वाक्य मी गाळलं. ‘नक्की माहीत नाही’ अशी घोषणा कोण देतं?

वीरैय्यन हा आमचा पहिला विजय. आईशी भांडून त्याने शिंगं कोरी ठेवलेली. येत्या पोंगलच्या सभेत सेवलैला मांडवात उभं करायचं ठरलं होतं.

आणि त्या सकाळी तो बैल घेऊन आमच्या दारात आला.

“तंगच्ची, ह्याने माझ्या बायकोचा गुण उचललाय बघ. काहीही म्हणा, मान झटकून नाहीच म्हणतो!”

तंगच्ची, धाकटी बहीण, अशीच हाक मारायचा तो मला. मी हसले. मग उजव्या नाकपुडीखाली वाळलेलं रक्त दिसलं. शिंगाच्या मुळाशी हात नेला, तर सेवलै कळवळून मागे सरला.

मला समजलं नाही, असं म्हणू? खोटं होईल. ही लक्षणं पत्रकाच्या मागच्या बाजूला मीच छापली होती. वीरैय्यनला वाचता येत नव्हतं—मला येत होतं.

“नाकात जळू शिरली असेल, अण्णा. कालव्यावर पाणी पितो ना? मिठाचं पाणी सोडा.”

“डॉक्टरकडे नेऊ का?”

“रंगच नाही लावला, तर भीती कसली?”

बिनरंगी शिंगाला कॅन्सर! सभेआधी! लोक काय म्हणाले असते—एवढाच विचार होता माझ्या डोक्यात. पुढे तो पुन्हा आला. मी पुन्हा जळूच सांगितली.

पोंगलच्या सभेत शिंग जरासं झुकलेलं दिसत होतं. मी उजवीकडे झेंडूची माळ जाड बांधली. टाळ्या पडल्या. सेवलै मान झटकत राहिला, आणि कुणीतरी ओरडलं, “बघा, बैलसुद्धा हो म्हणतोय!”

मासी महिन्यात, पोंगलनंतर महिनाभराने, शिंग मुळापासून सुटलं. आत मऊ, सडकं मांस, किडे. तेव्हा कुठे डॉक्टर आले. कार्तिकात आणला असता तर शिंग कापून वाचवता आला असता, म्हणाले. हे त्यांनी मला सांगितलं, वीरैय्यनला नाही. तो बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मीही त्याला सांगितलं नाही.

इथवर भित्रेपणा होता. पुढचं त्याहून वाईट आहे.

काही दिवसांनी त्याने मला विचारलं, “आई म्हणते, शिंगं रंगवली नाहीत म्हणून कोप झाला. खरं असेल का गं?” अंधश्रद्धेवर गावोगाव घसा फोडणारी मी—एक शब्द पुरे होता. मी गप्प बसले. कोपाच्या आड मला लपता येत होतं.

पुढच्या पोंगलला दुसऱ्या बैलाची शिंगं लालभडक रंगवून तो रस्त्यात भेटला. नजर खाली. “रागावू नकोस, तंगच्ची. पुन्हा पाप नको मला.” माझी माफी मागत होता तो! आजही स्वतःलाच दोषी धरतो.

आणि हे मी मराठीत लिहितेय. वीरैय्यनला मराठी येत नाही. माहीत असूनच लिहितेय.

तुमचा बैल मान झटकू लागला, एका नाकपुडीतून रक्त आलं, तर शिंग रंगवलेलं आहे की कोरं, हे बघत बसू नका. पत्रकवाल्यांना विचारू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.