कुलूपबंद संडास

माझा मामा परदेशातल्या एका हॉटेलात बावीस वर्षं संडास धुतोय, आणि ते तो कुणापासून लपवत नाही. तिकडे गेलेल्या आमच्या गाववाल्यांनी गावासाठी मंडळ काढलं, तेव्हा बाकीच्यांना वेशीवर कमान हवी होती, वर आपापली नावं कोरलेली. मामा एकटाच अडून बसला. "आधी शाळेत मुलींसाठी संडास बांधा. माझी भाची दिवसभर पाणी न पिता वर्गात बसते."

"संडासावर नाव कुणाचं घालायचं?" म्हणत सगळे खिदळले.

"माझं घाला."

संडास झाले. यंदा मामा सुट्टीवर आला, तेव्हा मीच त्याला शाळेत घेऊन गेले. दाराला हे एवढं कुलूप, जणू आत सोनं ठेवलंय! हेडमास्तरांनी खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि छाती फुगवून म्हणाले, "बघा, तीन वर्षं झाली, एक डाग नाही. मुली घाण करतात हो. म्हणून पाहुणे आले तरच उघडतो."

"मग मुली कुठे जातात?" मामाने विचारलं.

हेडमास्तरांनी भिंतीपलीकडच्या झुडपांकडे हात केला. लाज नावालाही नाही.

मामाने पांढऱ्याशुभ्र फरश्या पाहिल्या, दारावरचं स्वतःचं नाव पाहिलं आणि नाकाला रुमाल लावून तो बाहेर आला.

"वास येतोय का?" हेडमास्तर गडबडले.

"बावीस वर्षं लोकांची घाण काढतोय," मामा म्हणाला, "पण किळस आज पहिल्यांदा आली."